कठीण आहे!

आमच्या सोसायटीत शिरलं की लिफ्टशेजारी एक काळा फळा दिसतो. पाणी कधी नाही आणि मीटिंग कधी आहे, एवढंच लिहायला तो टांगला होता. पण खडू नानांच्या हाती गेला आणि फळ्याचा स्वभाव बदलला. 'बाहेरच्यांनी येथे गाडी लावू नये. लावल्यास हवा सोडण्यात येईल. हवा भरून देण्याची सोय नाही.' हा पहिल्या वर्षातला मजकूर. तेव्हा नाना मवाळ होते. पुढे समाज बिघडत गेला तसा फळाही कडक होत गेला. 'सकाळी फिरायला जाताना मंगळसूत्र घरी ठेवावे. नवरा बरोबर असला तरी.' हा मजकूर नानींनी पदरानं पुसला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच होता, फक्त 'नवरा' खाली अधोरेखित.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं कालव्यांची गळती मोजली, त्यामुळे कुठून काय झिरपतंय ते हेरायची नजर तयार झालेली. निवृत्त झाल्यावर कालवा हातचा गेला, मग समाज हाती घेतला. पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात दोरीला लोंबणारा चष्मा आणि खिशात एक शिट्टी. शिट्टी कशाला? दरोडा पडला तर. ती शिट्टी आजवर एकदाच वाजली, नाना स्वतः लिफ्टमध्ये अडकले तेव्हा. आणि तेव्हा सगळ्यांना वाटलं वॉचमन गाडी मागे घेतोय.

खरं तर नाना हे माणसाचं नाव नव्हे, पदाचं आहे. कुठे त्याला आप्पा म्हणतात, कुठे भाऊ, कुठे नुसतं काका. तुमच्या इमारतीत असा कुणी नसेल तर ते पद रिकामं आहे इतकंच. आणि तुमचं वय किती म्हणालात?

नानांचा दिवस सव्वासहाला कडुनिंबाखालच्या बाकावर सुरू होतो. हातात पेपर. पहिलं पान ते बघत नाहीत. "ते सगळे सुखी आहेत," असं म्हणून थेट आतलं शहराचं पान उघडतात आणि मोठ्यांदा वाचू लागतात. कोयता घेऊन हिंडणारी पोरं, बंद फ्लॅटचं कुलूप तोडून नेलेले दागिने, सिग्नल तोडणारा डंपर. दुधाची पिशवी घेऊन जाणारा कुणीही त्या वेळी नानांचा श्रोता असतो. "वाचलंस का?" असा प्रश्न आला की "वाचलं" म्हणायची सोय नाही, कारण मग "काय वाटलं?" येतं, आणि "नाही" म्हटलं तर "मग बस."

प्रत्येक बातमीखाली एकच शेरा. "कठीण आहे."

पण या 'कठीण आहे'चे तीन प्रकार आहेत, आणि ते ओळखायला मला दोन वर्षं लागली. पहिला पेपरवरून नजर न हलवता येतो. तो कांद्याच्या भावाला, फुटपाथवरच्या दुचाकींना आणि रात्री बारानंतरच्या डीजेला. दुसरा चष्मा काढून येतो. तो साखळीचोरीला आणि म्हाताऱ्यांना गंडा घालणाऱ्यांना. तिसऱ्याला आवाजच नसतो. नुसती मान हलते आणि पान उलटलं जातं. कुणा कोवळ्या पोरानं जीव दिल्याची बातमी असली की नाना ती वाचून दाखवत नाहीत. बाकीच्या बातम्या दाखवायला बोट लागतं, ही बातमी झाकायला त्यांचा अख्खा तळहात लागतो. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

वाचन झालं की कात्री. खात्याची सवय, त्यामुळे कात्रणांच्या फायली आहेत, लाल फितीच्या. एक : चोऱ्या (घरफोडी). दोन : चोऱ्या (साखळी). तीन : फसवणूक. चार : वाहने. पाच : तरुण पिढी. सहा : इतर. "मला रोज पेपर जाळीदार मिळतो," नानी म्हणतात. "शब्दकोड्यातले आडवे शब्द सापडतात, उभे यांच्या फायलीत गेलेले असतात. आणि सहाव्या फायलीत मी आहे."

सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे ॲप आलं, कोण आलं-गेलं ते मोबाइलवर कळतं. नानांचा त्यावर विश्वास नाही. त्यांनी शेजारी स्वतःची दोनशेपानी वही ठेवली. नाव, वेळ, कुणाकडे, येण्याचे कारण. त्यांचे सख्खे जावई आले तेव्हा त्यांनाही वही भरावी लागली. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'दिवाळसण' लिहिलं आहे. सामान घेऊन येणाऱ्या एका पोरानं लिहिलं, 'तिसऱ्या मजल्याला भूक'. या पोरांशी नानांचं रोज भांडण. "दहा मिनिटांत काय आणलंस रे? कोथिंबीर? कोथिंबिरीपायी मरशील एक दिवस! हेल्मेटची पट्टी लाव आधी." एवढं झापून त्याला जिन्याखालच्या माठातलं पाणी पाजूनच सोडायचं. माठ नानांनीच ठेवला आहे. पेला साखळीनं बांधलेला आहे, कारण दिवस वाईट आहेत.

एक जुलै २०२४ ला नाना खरोखर दुखावले. जुनं दंडविधान गेलं आणि भारतीय न्याय संहिता आली, त्या दिवशीची गोष्ट. "कायदा बदला, माझं काही म्हणणं नाही. पण चारशे वीस?" फसवणुकीचं कलम आता ३१८ झालं आणि खुनाचं १०३. "अरे, खून म्हणजे तीनशे दोन, हे पाळण्यातल्या पोराला ठाऊक! आता माणसाला शिवी द्यायची कशी? अमका म्हणजे पक्का तीनशे अठरा आहे, असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला फ्लॅटचा नंबर वाटेल." राज कपूरच्या पिक्चरचं नावही आता बदलणार का, हा प्रश्न त्यांनी मला दोनदा विचारला. मी त्यात काहीतरी करू शकेन असं त्यांना वाटत असावं.

नानांचं सगळं म्हणणं 'आमच्या वेळी' या दोन शब्दांवर उभं आहे. ही वेळ नेमकी कधीची, याचा मी एकदा पिच्छाच पुरवला. १९९५? "छे, तेव्हा घराघरात केबल शिरली होती." १९८०? "रॉकेल काळ्या बाजारात." १९७०? नाना घुटमळले आणि म्हणाले, "पुराच्या आधी." पुण्यातल्या त्या पिढीला पूर एकच, पानशेतचा. म्हणजे नानांचं सुवर्णयुग १२ जुलै १९६१ ला सकाळी संपतं. त्या दिवशी नाना चौदा वर्षांचे होते. हाफपँट, आईच्या हातचं थालीपीठ, आणि जबाबदारी म्हणाल तर पहाटे उठून दूध आणायची. त्या वयात जग बरं चाललं होतं यात नवल नाही. माझंही १९८२ पर्यंत उत्तम चाललं होतं.

"वाड्याचा दिंडीदरवाजा रात्रभर उघडा असायचा," नाना सांगतात.

"चोरायला होतं काय?" आतून नानी. "सहा पितळी पातेली आणि तुमचे वडील."

मी म्हटलं, "नाना, मग जोशी-अभ्यंकर?" १९७६ चा जानेवारी ते १९७७ चा मार्च. चित्रकलेच्या चार विद्यार्थ्यांनी या पुण्यात, बहुतेकांच्या घरात घुसून, दोरीनं गळे आवळून, दहा माणसं मारली होती. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. दिवेलागणीच्या आत खेळ बंद. दार वाजलं की आई आधी कडीवर हात ठेवायची आणि मग नाव विचारायची. एकदा वडिलांनाच तिनं ऑफिसचं नाव सांगायला लावलं होतं. गल्लीतल्या खिडक्यांना गज बसले ते त्या वर्षी. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली, तरी ते गज कुणी काढले नाहीत.

"तो अपवाद होता," नाना म्हणाले.

"मानवत? गुप्तधनापायी दिलेले बळी?"

"ते परभणीकडचं."

"रामन राघव? १९६८?"

"मुंबई! मुंबईचं धरायचं नाही."

"म्हणजे तुमच्या वेळी गुन्हे व्हायचे," नानींनी निकाल दिला, "पण पुण्याबाहेर, आणि अपवाद म्हणून."

तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते. मानसशास्त्र शिकली आणि आता कॉलेजातल्या मुलांचं समुपदेशन करते. नाना तिला 'मनाची डॉक्टरीण' म्हणतात. तिची स्कूटी गेटातून आत आली की यांचा तोफखाना सुरू.

"काय गं, आज किती मनं दुरुस्त केलीस?"

"तीन, नाना. चौथी अपॉइंटमेंट तुमची."

"मला काय धाड भरलीय? ताण म्हणे ताण! चेतकचा नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबलोय आम्ही. रॉकेलच्या रांगेत उभं राहून परीक्षेचा अभ्यास केलाय. एका खोलीत नऊ माणसं. डिप्रेशन यायचं म्हटलं तरी त्याला बसायला जागा होती का? आणि ॲन्झायटी म्हणजे काळजीच ना? मग काळजी म्हण की! काळजी म्हटलं की फुकट, ॲन्झायटी म्हटलं की दीड हजार."

नानांकडे यावर उपाय आहेत. बारा सूर्यनमस्कार, गार पाण्याची अंघोळ आणि तरी बरं वाटलं नाही तर एक कानाखाली. ती पोरगी हसून ऐकते. तिच्या जागी मी असतो तर स्कूटी त्यांच्या पायावर घातली असती. एकदा तिनं जाता जाता विचारलं, "नाना, रात्री तीनला तुमच्या स्वयंपाकघरात दिवा असतो."

"चोर तीनलाच येतात."

"रोज?"

"मी जागा असतो म्हणून येत नाहीत."

पुण्यात एक बरं आहे, माणसाचं काहीही बिघडलं तरी पत्ता एकच. गुन्हा केला, येरवडा. डोकं फिरलं, येरवडा, मनोरुग्णालय तिथेच. दारू सुटत नाही, तरी येरवडा, कारण अनिता आणि अनिल अवचटांचं मुक्तांगणही १९८६ पासून तिकडेच. त्यामुळे आमच्या लहानपणी 'त्याला येरवड्याला नेलं' एवढं म्हटलं की ऐकणारा डोळ्यांनीच विचारायचा, कुठल्या दारातून? आणि सांगणारा आवाज खाली आणायचा. तुरुंगासाठी आवाज थोडा खाली यायचा. दुसऱ्या दारासाठी पार कुजबुजीपर्यंत.

नानांची आणखी एक शाखा म्हणजे फॉरवर्ड. एके काळी सोसायटीच्या ग्रुपवर सकाळचा पहिला मेसेज त्यांचा असे, आणि तो 'सावधान' या शब्दानं सुरू होई. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळ्या गावोगाव हिंडताहेत असा एक मेसेज फिरत होता. नानांनी तो तीन ग्रुपवर टाकला, उद्गारचिन्हं मोजून सात. त्यानंतर एक जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारे समजून, पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. डवरी गोसावी समाजाचे, पोटासाठी हिंडणारे लोक. दुसऱ्या दिवशी बाकावर नाना पेपर घेऊन आले, पण वाचलं नाही. महिनाभर ग्रुपवर त्यांचं अक्षर उमटलं नाही. मग एक दिवस मला मोबाइल दाखवून विचारलं, "हे खरं आहे का रे? खोटं असलं तर नाही टाकत." तेव्हापासून प्रत्येक 'सावधान' आधी माझ्याकडे येतं, नंतर नानींकडे, आणि दोघांनी मान डोलावली तरच पुढे जातं. यात बहुतेक सावधगिरी शिळी होते, पण नाना म्हणतात, शिळी चालेल.

असे हे सावध नाना. रात्री दहाला दाराचं कुलूप तीनदा ओढतात, तिसऱ्या वेळी त्याला चक्क लोंबकळतात. गॅसचा खटका, सिलिंडरची कळ, मग खाली उतरून पार्किंगमधल्या गाड्यांची शिरगणती. २७ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये डिजिटल अरेस्टबद्दल सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर नानांचा मजकूर तयार : 'फोनवर अटक होत नाही. होत असती तर आपले पोलीस एवढे दमले नसते. अनोळखी फोनवर विश्वास ठेवू नये!!'

हा मजकूर फळ्यावर असतानाच, त्या डिसेंबरात, दुपारी पाऊण वाजता नानींनी माझ्या दाराची बेल वाजवली. हातात दळणाचा डबा.

"अरे, जरा येतोस का? यांना अटक झालीय. आणि एक वाजत आलाय."

मी चपला न घालताच धावलो. जेवणाच्या टेबलाशी नाना ताठ बसले होते. मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केलेला, कॅमेरा चालू. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. खाली, कॅमेऱ्याला न दिसणारा, तोच पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. टेबलावर मुदत ठेवींच्या पावत्या, पत्त्यांचा डाव मांडावा तशा. पडद्यावर खाकी गणवेशातला एक माणूस, मागे भिंतीवर कसला तरी बोधचिन्हाचा कागद. तुमच्या आधार कार्डावर परदेशी पार्सल निघालं, त्यात अमली पदार्थ सापडले, आता पैशांची पडताळणी होईपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. मी हातवारे करू लागलो तर नानांनी डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी चाट पडलो तो वेगळ्याच गोष्टीनं. नाना खुशीत होते. म्हणजे घाबरलेले होते, कपाळावर घाम होता, पण आवाजात एक समाधान होतं.

"साहेब, जमाना बहुत खराब आया है," नाना त्याला सांगत होते. "हम रोज फळे पे लिखते है, कोई वाचता नही."

"सही बोला अंकल. आप जैसे लोग रहे कहाँ अब."

"और ये आजकाल के पोरगे, कोयता लेके घूमते है."

"बहुत मुश्किल है अंकल."

बहुत मुश्किल है! म्हणजे कठीण आहे. वर्षानुवर्षं नाना ज्या वाक्याला होकार मागत हिंडत होते, तो त्यांना मिळाला होता, आणि तोही वर्दीकडून. पाऊण तास तो माणूस एकही जांभई न देता त्यांचं ऐकत होता. आमच्यापैकी कुणी हे कधी केलं नव्हतं. ठेवी मोडून द्यायला माणूस यापेक्षा कमी भांडवलावर तयार होतो.

तेवढ्यात नानी पुढे झाल्या. "अहो, दळण."

"मी अटकेत आहे," नाना ओठ न हलवता म्हणाले.

"असाल. गिरणी एकला बंद होते."

"अगं, हलता येत नाही!"

मग नानींनी बरणीशी वाकून थेट पडद्यात तोंड घातलं. "हे बघा इन्स्पेक्टर, यांना जेवणाआधी साखरेची गोळी असते. पोलीस ठाण्याचा पत्ता सांगा, मी डबा पाठवते. एक पोळी जास्त ठेवते, तुमच्यासाठी." तो काहीतरी हिंदीत गुरकावला. नानींनी पेन काढलं. "सांगा की. चौकी कुठली? चौकाचं नाव काय? बस कुठली येते?" दोन सेकंद पडद्यावर शांतता. मग पडदा काळा.

"डबा नको म्हणणारा पोलीस असतो का कुठे?" नानी म्हणाल्या आणि माझ्या हातात दळणाचा डबा दिला. "पळ. गहू जाडसर नको म्हणावं."

पैसा एकही गेला नाही. मी १९३० वर कळवू म्हटलं तर नानांनी माझा हात धरला. "नको. नाव छापून आलं तर?" शर्टाचं वरचं बटण काढायलाही त्यांना सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाक रिकामा. तिसऱ्या दिवशीही. फळ्यावर तोच मजकूर, अनोळखी फोनवर विश्वास ठेवू नये, दोन उद्गारचिन्हांसह, आणि येणारा-जाणारा काही न कळता त्याच्यासमोर लिफ्टची वाट बघत उभा. वहीत नवी नोंद नाही. माठ कोरडा पडला, सामान आणणारा एक पोरगा पेला हातात घेऊन साखळीसकट उभा होता, म्हणाला, "आजोबा आजारी आहेत का?" इमारतीत बाहेरच्या तीन गाड्या लागल्या आणि त्यांची हवा शाबूत राहिली. आम्हाला सगळ्यांनाच काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं, आणि काय चुकलं ते पाचव्या दिवशी उमगलं : पाच दिवसांत कुणी 'कठीण आहे' म्हटलं नव्हतं.

मी नानींना विचारलं, जेवतात का. "जेवतात," त्या म्हणाल्या. "पण भाजीला नावं ठेवत नाहीत." हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते. पन्नास वर्षांच्या संसारात असं झालं नव्हतं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी तीन किलो मटार घेऊन त्यांच्याकडे आली. "आईनं दिलेत, सोलायला कुणी नाही." मलाही बोलावलं. चौघं जण पेपर अंथरून जमिनीवर बसलो. ती काही विचारेना. मन, ताण, कसं वाटतंय, एक शब्द नाही. मटार सोलण्याचं एक आहे, हात गुंतलेले असतात आणि कुणाच्या डोळ्यांकडे बघावं लागत नाही. निम्मा ढीग झाल्यावर नाना आपणहून बोलू लागले.

"वाड्यात आमचा एक काका होता. पोस्टात. एके दिवशी कामावर गेला नाही. मग गेलाच नाही. ओसरीवर बसायचा, अडकित्त्यानं सुपारी कातरत. खायचा नाही, नुसती कातरायचा. दिवसभर तो आवाज. नरसोबाच्या वाडीला नेऊन आणलं, अंगारे झाले. कुणीतरी येरवड्याचं नाव काढलं तर आजी म्हणाली, घरातल्या पोरींची लग्नं व्हायचीत अजून." एक शेंग त्यांनी उगाचच दोनदा सोलली. "मग एका पहाटे मागच्या विहिरीवर त्याचा पाय घसरला."

नानी खाली बघत म्हणाल्या, "त्या काळी पाय फार घसरायचे."

"सगळ्यांत आधी मी उठायचो," नाना म्हणाले. "दूध आणायला."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. पातेल्यात मटार पडत राहिले. मग ती मुलगी म्हणाली, "नाना, रात्री तीनला मी गाढ झोपलेली असते. पण एक नंबर आहे, तिथे कुणीतरी जागं असतं. टेलिमानस, सरकारी आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं." आणि मटारच्या सालांखालचा पेपर थोडा फाडून तिनं त्यावर आकडे लिहिले.

नानांनी चष्मा चढवला, कागद लांब धरला, जवळ धरला.

"पाच आकडी?"

"हो."

"अगं, शंभर होता तो चांगला, त्याचा एकशे बारा केला. फसवणुकीचा एकोणीसशे तीस. आता हा चौदा हजार चारशे सोळा! माणूस आधीच चक्रावलेला, त्यानं पाढे पाठ करायचे का? कुणी सुचवलं हे? एखादा सोपा नंबर शिल्लक नव्हता का देशात?" त्यांनी चष्मा काढला. "कठीण आहे."

नानींनी माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री उसळीत मीठ कमी पडलं म्हणून नाना दहा मिनिटं बोलत होते, असं मला भिंतीपलीकडून ऐकू आलं.

आठव्या दिवशी सकाळी मी दूध आणायला उतरलो तर बाहेरच्या दोन गाड्या मागच्या टायरवर बसलेल्या होत्या, माठ भरलेला होता आणि फळा ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून नव्यानं लिहिला होता. अक्षर पाटबंधारे खात्याचं, टपोरं :

'पोलीस – ११२. पैशाची फसवणूक – १९३०. मन – १४४१६. शेवटचा नंबर रात्री तीन वाजतासुद्धा उचलतात. मराठीत बोलतात. मध्येच तोडत नाहीत. खात्री करून घेतलेली आहे.'